दादाची सकाळची फेरी

माझा थोरला भाऊ आमच्या गावात, निरवांगीत, रोज सकाळी फेरीला निघतो. डेअरीवर दूध घातलं की रिकामी किटली नळाखाली धुवायची, उजव्या हातात धरायची आणि ठरलेल्या घरी ठरलेल्या क्रमानं जायचं. घरात बसायचं नाही, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभं राहायचं, बशीतला चहा संपवायचा, बशी खाली ठेवायची आणि पुढच्या घरी. एखादी नवी सून त्याला पाहून दचकते, तेव्हा सासू आतून सांगते की तो आपलाच आहे, चहा टाक.

दादानं पन्नाशी ओलांडली आहे. लहानपणी गाव त्याला वेडसर म्हणायचं. पुढं मी बी.एड. करत असताना एका पुस्तकात स्वमग्नतेवर दोन पानं वाचली आणि वाचता वाचता मला आमचं अंगणच दिसायला लागलं. तेच ते खाणं, नजर न देणं, मोठ्या आवाजाला कान झाकणं, क्रम मोडला की दिवसभर डोलत बसणं. रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. इतकी वर्षं माझ्या भावाला नावं ठेवणाऱ्यांपैकी एकालाही हे वाचावंसं वाटलं नव्हतं. राग माझ्या नाकावरच असतो. मी निमगाव केतकीत शिकवते, तिथल्या पोरांना विचारा.

आईला मात्र पुस्तकाची गरज पडली नव्हती. दादाला सांगून काही शिकवता येत नाही, हे तिनं तो रांगता असतानाच ओळखलं होतं. जे शिकवायचं ते ती आधी स्वतः करायची, त्याच्यासमोर, आणि मग तो करायचा. दात घासणं, गाईला वैरण टाकणं, डेअरीच्या रांगेत उभं राहणं, सगळं तो असंच शिकला. वडील गेल्यापासून घरात ती दोघंच आहेत. मी रविवारी स्कूटीवरून जाऊन येते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या गावातून काकूंचा फोन आला. काकू म्हणजे वेशीजवळच्या शेतकरी कुटुंबातल्या, दादाच्या फेरीतलं त्यांचं घर पहिलं. दादा चहा पिऊन गेल्यावर त्यांच्या फरशीवर रक्ताचा डाग उमटला होता. त्या किटलीच्या आवाजाच्या मागं पुढच्या घरी गेल्या, त्याला धरून खाली बसवलं आणि पाय पाहिला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जाऊन तळव्यात मोडला होता. जखम ताजी नव्हती, पिकली होती. तसल्या पायानं तो कितीतरी दिवस फेरी मारत होता आणि त्यानं हूं की चूं केलं नव्हतं.

मी शाळेतून तडक निघाले आणि आई-दादाला घेऊन बारामतीला दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर बाई मला आवडल्या, कारण त्या दादाशी बोलल्या. तो उत्तर देणार नाही हे माहीत असूनही बोलल्या. जखम धुतली, रक्त तपासलं. शुगर वाढून पाय एवढे बधिर झाले होते की त्याला काटा कळणारच नव्हता. बाईंनी मला समजावून सांगितलं की अशी माणसं पुष्कळदा लवकर जातात, आणि ती स्वमग्न असतात एवढ्यामुळं नाही. दुखलेलं ती सांगत नाहीत आणि कुणी विचारत नाही. तेच तेच खातात, तेच गोड पितात. डॉक्टरकडे नेलं तरी डॉक्टरसुद्धा म्हणतात, हा असाच आहे, आणि तपासायचं राहून जातं. शेवटी त्या म्हणाल्या,

"पाय बरा होईल. पण चहा असाच राहिला तर तुमचा भाऊ म्हातारा होणार नाही."

आई शांत बसली होती. ती इतकी शांत का, हे मला घरी आल्यावर कळलं. दादाला झोपवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "बरंच हाय म्हणायचं. माझ्या आदी एक दिस गेला तर माझा जीव सुटंल."

अशा लेकरांच्या आया हे मनात म्हणतात, हे मी ऐकून होते. माझी आई म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी उठून गाईला वैरण टाकायला गेले. तिथं थांबले असते तर त्याच दिवशी भांडण झालं असतं.

पुढच्या रविवारी मीच फेरीतल्या प्रत्येक घरी गेले आणि बजावलं की दादाला बिनसाखरेचा चहा द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काय झालं? एका घरानं साखरेऐवजी गूळ घातला, गूळ औषधी असतो म्हणून. एकीनं साखर तेवढीच ठेवून चहा अर्धा केला. एका घरी खरोखर बिनसाखरेचा दिला, तर दादानं एक घोट घेऊन बशी खाली ठेवली आणि तो तिथंच उभा राहिला. बोलला नाही, हलला नाही. बिचारीचं सगळं काम खोळंबलं, शेवटी तिनं साखर घातली. आमच्या भागात माणसाला उंबऱ्यावरून कोरडं कसं पाठवायचं, हे कुणाला शिकवलेलंच नाही.

मग मी आईला म्हटलं, फेरीच बंद कर. दूध घालून सरळ घरी आण.

आईचा चेहरा बदलला. "त्या घरांचा च्या मी बंद करू व्हय?" ती म्हणाली.

हा चहा म्हणजे तिच्यासाठी काय आहे, हे मला ठाऊक होतं. आजोबांच्या पिढीनं बुद्धधम्म स्वीकारला तरी गावाच्या सवयी तशाच चालू होत्या. आई नवी नवरी असताना त्याच वेशीजवळच्या घरी खुरपायला जायची. तहान लागली की अंगणात ओंजळ धरून बसायचं आणि काकूंच्या सासूबाई वरून पाणी ओतायच्या. भांड्याला हात लागू द्यायच्या नाहीत. आईनं तेव्हाच ठरवलं की पोटापुरती शेती झाली की या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, आणि पुढं कधी लावलाही नाही. त्या घरी गेला तो दादा. शाळेनं परत पाठवलेला, कुणाला विचारायचं भान नसलेला दादा एका सकाळी किटली घेऊन सरळ त्या घरात शिरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. काकूंनी त्याला घरातल्या बशीतून चहा दिला. त्या घराचं पाहून दुसऱ्यानं दिला, मग तिसऱ्यानं. गावातल्या सभांनी जे झालं नव्हतं ते माझ्या भावानं नुसतं उभं राहून केलं. आईला त्याचा केवढा अभिमान. आणि तोच चहा त्याला खात होता.

हे सगळं समजत असूनही माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, "आई, तुला तो आधी जायलाच हवाय, म्हणून तू चहा चालू ठेवलायस."

तोंडातून गेलं ते गेलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला की उचलायची आणि दादाच्या पायाचं सांगून ठेवून द्यायची. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा तिनं स्वतःहून फोन केला आणि एवढंच म्हणाली, रविवारी लवकर ये.

मी पोचले तेव्हा ती तयार होती. पौर्णिमेच्या वंदनेला नेसते ती पांढरी साडी नेसली होती. दादा डेअरीवरून किटली धुऊन निघाला, तशी ती त्याच्या पुढं चालायला लागली. मी मागं. दादाला ते विचित्र वाटत होतं, तो मध्येच थांबून तिच्याकडं बघायचा. वेशीजवळच्या घराशी आल्यावर ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडून आत गेली. दादा नेहमी टेकतो त्या भिंतीला टेकून उभी राहिली.

काकू गडबडल्या. बसा म्हणाल्या, चहाचं पातेलं पुढं ओढलं.

"च्या नगं," आई म्हणाली. "पाणी दे. पेल्यानं दे."

काकूंना कळलं. त्यांनी सासूबाईंना वरून पाणी ओतताना पाहिलं असणार. त्या खाली बघत माठापाशी गेल्या, पेला विसळला, भरला आणि दोन्ही हातांनी आईपुढं धरला. आईनं तो तोंडाला लावून सगळा संपवला. मग स्वतः माठातून दुसरा भरून घेतला आणि दादाला दिला.

"आता पाणीच प्यायचं. ह्या घरी बी, समद्या घरी बी. रोज."

दादानं बशीच्या जागेकडं पाहिलं, पेल्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग "रोज पाणी" म्हणाला आणि प्यायला. त्या दिवशी आई फेरीतल्या प्रत्येक घरात गेली, आधी स्वतः प्यायली आणि मग त्याला पाजलं. एकाही घरानं पेला मागं घेतला नाही. परत येताना ती पोटावर हात ठेवून हसत होती, चाललं की आत नुसतं डुचमळतंय म्हणत होती. मी तिच्या मागून चालत होते. आमच्या घराण्यात एवढं ताठ चाललेलं मी कुणाला पाहिलं नाही.

दादाला एकदा नियम पटला की तो कुणाच्या बापाला जुमानत नाही, हे आता गावाला कळलंय. सणाला कुणी प्रेमानं चहा पुढं केला तर तो बशी उचलून परत ओट्यावर ठेवतो. घरी भाताच्या आधी वाटीभर उसळ खायचाही नियम झाला, अर्थात आईनं त्याच्यासमोर बसून खाल्ल्यावर. पाणी प्यायलं की काकू त्याला म्हणतात, पाय दाखव. तो भिंत धरून एकेक पाय मागं उचलतो आणि त्या वाकून तळवा हातानं चाचपून बघतात. हे डॉक्टर बाईंना सांगितलं, तर त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. दादाची शुगर आता आवाक्यात आहे आणि बाई म्हणतात की हे असंच चाललं तर काळजी नको.

गेल्या हिवाळ्यात दादाला ताप आला. शाळेला सुट्टी होती, मी तिथंच होते. फेरी चुकली. ऊन अंगणात उतरायच्या आत काकू दारात हजर, त्यांच्या मागं फेरीतल्या आणखी दोघी. काकू आईला चांगलंच बोलल्या, कळवायला काय झालं होतं म्हणून. आत जाऊन दादाच्या कपाळाला हात लावला, सवयीनं तळवेही पाहिले आणि संध्याकाळी पुन्हा येते म्हणून गेल्या.

त्यांना वेशीच्या वाटेला लावून आई दारात परत आली.

"लई वर्सं एकच मागनं हुतं," ती म्हणाली. "त्यानं माझ्या आदी एक दिस जावं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता न्हाय. आता मी जाते म्होरं. त्यानं सावकाश यावं."