‘सुध्या, पिस्टन आलेत’

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो. पलीकडून त्याची बायको, मंगलवहिनी, एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, सकाळी झोपेतच गेले.” मी नुसतं हुं केलं... चाळीस वर्षांची दोस्ती आणि तोंडातून धड शब्दही निघाला नाही. त्याला आता दीड महिना होईल. लोक म्हणतात, सवय होते. होत असेल. मला मात्र सध्या काही न करताच दमायला होतं.

अंबडला घराला लागूनच अशोकचं छोटं वर्कशॉप. धुळीच्या मैदानात गाड्यांच्या शर्यती खेळणारे हौशी लोक त्याच्याकडे इंजिनं बांधून घ्यायला यायचे. मी सातपूरच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात जन्म काढलेला. निवृत्त झाल्यावर चहाला म्हणून त्याच्याकडे जायला लागलो आणि मायक्रोमीटर कधी हातात आला कळलंच नाही. शर्यतवाल्यांना गाडीतले मूळचे ओतीव पिस्टन चालत नाहीत, बाहेरून फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन मागवावे लागतात. ते निवडताना अशोक मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखा चिकित्सा करायचा. आधी खोक्यातलं मापांचं कार्ड वाचायचं, मग रिंगच्या खाचांवरून नख फिरवून कुठे कड लागते का बघायचं. चारही पिस्टन सारख्या वजनाचे हवेत म्हणून ते पिशवीत घालून स्वारी थेट सराफ बाजारात, ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर. मंगळसूत्र घ्यायला आलेल्या बायका बघत राहायच्या. सोनार वैतागायचा, पण काटा द्यायचा. एकदा चारातला एक दोन ग्रॅमने जास्त भरला, तर या गृहस्थाने अख्खा सेट परत पाठवला. गिऱ्हाईक तिकडे शर्यतीच्या तारखेसाठी डोकं आपटतंय, आणि हा निवांत.

आता माझ्या हातून जे झालं तेही लिहायला हवं. दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराचं इंजिन होतं. मापं मी घेतली. फोर्ज्ड पिस्टन तापला की ओतीवपेक्षा जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये त्याला मोकळीक जास्त ठेवावी लागते. कार्डावर तसं छापलेलंही होतं. मला ते पटेना. जन्मभर घट्ट मापं पास केलेला माणूस मी. एवढी ढिलाई म्हणजे छापणाऱ्याचीच चूक, असं ठरवून मी सिलिंडर बोअर करणाऱ्याला, म्हणजे आतून कापून मोठा करणाऱ्याला, माझ्या अकलेने कमी माप लिहून दिलं. अशोकला विचारलंही नाही. कशाला विचारू, मी तपासणी खात्यातला ना... शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत इंजिन जाम झालं. उघडलं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे. बागायतदार वर्कशॉपमध्ये येऊन नको नको ते बोलला. मी तिथेच स्टुलावर बसलेलो. अशोक म्हणाला, “नाना, माप माझं चुकलं. इंजिन मी परत बांधून देतो.” त्या वर्षी शर्यतवाल्यांत त्याचं नाव खराब झालं, गिऱ्हाईकं तुटली. आणि मी गप्प बसलो. लाज वाटत होती, तरी गप्पच बसलो.

चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी तोच माझ्या दारात. “सुध्या, पिस्टन आलेत. येतोस ना मोजायला?” बस्स, एवढंच. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मी मोजायचो, आकडा सांगायचो, तो पाटीवर लिहायचा. माझं माप त्याने माझ्यासमोर एकदाही तपासलं नाही. बघणाऱ्याला वाटावं, काय विश्वास आहे. मला तो विश्वास जड व्हायचा. अरे, एकदा तरी बघ... असं कितीदा ओठांवर आलं, बोललो नाही.

परवा वहिनींनी बोलावलं. अशोकने मागवलेला शेवटचा सेट आला होता. इंजिन त्याच दिंडोरीच्या नानांचं. ते फिरून त्याच्याकडेच आले होते. “तुम्ही मापं काढून द्या, म्हणजे नाना पुढचं काम कुठूनही करून घेतील,” वहिनी म्हणाल्या. मी खोकं तसंच परत सरकवलं. म्हटलं, माझ्याने होणार नाही. मग सगळंच सांगून टाकलं. तेव्हाची चूक अशोकची नव्हती, माझी होती. आणि एवढं होऊनही तो डोळे झाकून माझ्या मापावर विसंबला, ते मला सोसत नाही.

वहिनी म्हणाल्या, “डोळे झाकून कुठलं, भाऊजी? तुम्ही गेलात की दार लोटून घ्यायचे आणि एकेक परत मोजायचे. मी जेवायला हाका मारून थकायची.”

“मग मला कधी बोलला कसा नाही?”

“तुम्हाला लागेल म्हणून. आणि फरक कधी निघालाच नाही, असं म्हणायचे.”

लबाड माणूस. इतकी वर्षं मला फसवलं. राग आला, रडूही आलं, आणि खरं सांगतो, दीड महिन्यात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. चारही पिस्टन मोजले. कार्डाप्रमाणे मोकळीक धरून नानांसाठी चिठ्ठी लिहिली. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला, परत आलो, दार लोटलं आणि पहिल्या पिस्टनपासून पुन्हा मोजायला बसलो.