बाबा आंघोळीला गेलेत

आमच्या घरात वाईट बातमी वेळेवर सांगायची पद्धत नाही. कोणाची परीक्षा असते, कोणी प्रवासात असतं, कोणाला काळजी सोसत नाही. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. मी अमेरिकेत आल्यापासून तर ही पद्धत दोन्हीकडून फारच सोयीची झाली होती.

२००५ साली आमचं ग्रीन कार्ड आलं. तोपर्यंत व्हिसाच्या धास्तीने आम्ही पुण्याशिवाय कुठे गेलो नव्हतो. सनीव्हेलच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सहा वर्षं काढल्यावर बायको म्हणाली, आता एकदा तरी नुसतं फिरायला जाऊ. मुलीच्या शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीला जोडून इटलीचे सहा दिवस ठरले. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस.

या सहलीचा सर्वांत जास्त आनंद बाबांना झाला. चौतीस वर्षं त्यांनी पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यात काढली होती. चर्च आणि चित्रं यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. निघण्याआधीच्या रविवारी त्यांनी मला फोनवर प्रश्न उतरवून घ्यायला लावले. रोमच्या रस्त्यावरचे नळ रात्रंदिवस वाहतात म्हणे, त्यांना तोटी का नाही? फ्लॉरेन्सच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची खूण किती उंचीवर आहे? हा पानशेतचा पूर पाहिलेला माणूस, तेव्हा हे ओघानंच आलं. पिसाच्या मनोऱ्याखाली माती कसली? आणि व्हेनिसच्या चहूकडे खारं पाणी, मग जुनी माणसं प्यायची काय? प्रत्येक गावातून फोन करायचा, असंही बजावलं. मी "हो बाबा, हो बाबा" करत कागद पाकिटात ठेवला.

रोमला पहिल्याच दिवशी नळ सापडला. खरोखरच तोटी नव्हती. खाली बोट दाबून धरलं की नळीच्या वरच्या भोकातून पाण्याची धार उडायची आणि तिला तोंड लावून प्यायचं. माझी मुलगी तिथून हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे पुण्यात साडेअकराला, मी कार्ड घालून बूथवरून फोन लावला. आईने उचलला. बाबा बँकेत गेले होते. ठीक आहे, म्हटलं, नळाचं त्यांना मीच सांगेन, तू सांगू नकोस. आई म्हणाली, बरं.

फ्लॉरेन्सला पुराची खूण दाखवणारी पाटी माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. मी वर हात करून फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच वेळेला फोन लावला.

"बाबा आंघोळीला गेलेत," आई म्हणाली.

माझे बाबा उभ्या आयुष्यात पहाटे साडेपाचनंतर आंघोळीला गेलेले नाहीत. ताप असला तरी नाही, लग्नघरी रांग असली तरी नाही. मनात पाल चुकचुकली, असं लिहायला बरं वाटतं. पण मला शंका नव्हती आली, मला कळलंच होतं. बूथच्या बाहेर बायको हातात चर्चच्या घुमटाची तिकिटं घेऊन उभी होती. मुलगी काचेवर बोट वाजवत होती, "बाबा, आर वी गोइंग ऑर नॉट?" मी एवढंच विचारायचं होतं की आई, काय झालंय. मी म्हणालो, "बरं, नंतर करतो." आणि चारशे पायऱ्या चढून वर गेलो. वरून सगळं गाव दिसतं. फोटोत मी हसतोय.

पिसाहून मी फोन केलाच नाही. बायकोला सांगितलं, कार्ड संपलं. कार्डात बक्कळ मिनिटं शिल्लक होती. व्हेनिसला चौकाचौकांत जुन्या विहिरी दिसल्या. पावसाचं पाणी वाळूतून गाळून त्यात साठवत असत. बाबांना सर्वांत आवडलं असतं ते हे. फोन लावला, तर पुण्यातल्या भर दुपारी बारा वाजता, आई म्हणाली, ते झोपलेत. "झोपू दे," मी म्हणालो. डोळ्यांवर कातडं ओढणं किती सोपं असतं ते मी तिथे शिकलो.

सनीव्हेलला परतलो त्या रविवारी आईने स्वतः फोन केला. ती कधी करत नसे. आम्ही रोमला उतरलो त्याच दिवशी बाबांना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. शेजारच्या काकांनी हॉस्पिटलमध्ये नेलं. आता त्यांना घरी आणलं होतं. बोलणं परत येईल असं डॉक्टर म्हणत नव्हते.

मी संतापलो. मला नाही सांगायचं? मी कोण परका आहे का? बरंच काही बोललो, आणि माझा आवाज जितका चढत होता तितका मला माझाच राग येत होता. आईने सगळं ऐकून घेतलं.

"तुझी नोकरी गेली तेव्हा तू सांगितलं होतंस?"

२००१ साली कंपनीने आमची अख्खी टीम काढली होती. दीड महिना मी घरी होतो आणि दर रविवारी आईबाबांना काम फार आहे म्हणून सांगत होतो.

"एका मंगळवारी तुझा फोन आला," आई म्हणाली. "तिकडे सकाळचे साडेनऊ, आणि तू घरून निवांत बोलत होतास. ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, नोकरी गेलेली दिसते. विचारू नकोस, त्याला खोटं बोलावं लागेल."

बाबांनी विचारलं नव्हतं ते माझ्यासाठी. मी फ्लॉरेन्सला विचारलं नाही ते माझ्यासाठी. हा फरक मला आजही सोसत नाही.

मी आईला रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरायला सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू येऊ लागला, जड, मध्येच अडकणारा. मी कागद काढला आणि क्रमाने उत्तरं दिली. नळ, पुराची खूण, पिसाची मऊ माती, गाळलेलं पाणी. मग नोकरीचं सांगितलं. आणि मग म्हणालो, "बाबा, मला तिथेच कळलं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही."

श्वास तसाच चालू राहिला. थोड्या वेळाने आई फोनवर आली.

"हात हलवून राहू दे म्हणतायत."

"खरंच ते म्हणतायत, की तू म्हणतेस?"



"ये आणि बघ," आई म्हणाली.