कोपरा गेलेला ठोकळा

डेअरीवाल्याने पनीरच्या ठोकळ्याचा कोपरा कापला आणि सुरीवरूनच पुढे केला. "घ्या ताई, चव बघा. तुमचे बाबा चव बघितल्याशिवाय कधी न्यायचे नाहीत." मी तुकडा तोंडात टाकला, पण नजर त्या कोपरा गेलेल्या ठोकळ्यावरच राहिली.

नववीत बीजगणिताच्या बाईंनी असाच ठोकळा आणला होता, कपडे धुण्याच्या साबणाचा. 'ए घन वजा बी घन'चे अवयव पाडताना आम्ही मुली मधल्या पदात हमखास दोन घालायचो. बेरजेच्या वर्गाचं सूत्र तोंडात इतकं बसलेलं! शेवटी बाई वैतागल्या. त्यांनी साबणाच्या कोपऱ्यातून एक छोटा घन कापून बाजूला ठेवला आणि उरलेल्याचे दोऱ्याने तीन तुकडे केले. एक मोठा, एक मधला, एक अगदी लहान.

"मधला एकच आहे ना गं? मग दोन कुठून आणता? आणि आता बोट लावून बघा. आकार वेगळे, पण जाडी तिन्हींची एकच."

हाताला दिवसभर साबणाचा वास येत होता. सूत्र कळल्याचा आनंद केवढा होता तेव्हा!

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. आईचं दुःख मोठं, दादाचं त्याहून कमी, माझं सगळ्यांत लहान, असं मी मनाशी धरून चालले होते; जाडीचं मात्र विसरले होते. घरी येऊन आईला फोन लावला. पनीर आणलं म्हटल्यावर तिने पहिलं हेच विचारलं,

"चव बघून घेतलंस ना?"