दुसऱ्या रविवारची आजी

आमच्या ऑफिसात पाऊल टाकण्याआधी हिरामावशी मागच्या नळावर जायची. पिशवीतली लिंबाची फोड काढून बोटांपासून कोपरापर्यंत चोळायची, हात धुवायची आणि नाकाशी नेऊन बघायची. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवण्यात तिचा जन्म गेला होता. "बाय, वास येतो काय गं?" असं मलाच विचारायची. मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. आजीच्या अंगाला घाण वास मारतो, असं नातींना त्यांच्या आत्याने सांगून ठेवलं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सनद मिळवून मी वसईत एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नुकतीच लागले होते. विधवा हिरामावशीची एकुलती एक मुलगी सुनंदा वालीवला दिलेली. जावयाचं तिथे लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं. लग्नाच्या सहाव्या वर्षी सुनंदा स्वयंपाकघरात जळाली. जबाब घ्यायला कुणी हॉस्पिटलात पोचण्याआधीच ती गेली. पण त्याआधी आईच्या कानाशी एवढंच बोलली होती, की त्यानेच पेटवलं आणि माझ्या पोरींना बघ. सरकारचा सगळा खटला मावशीने ऐकलेल्या या दोन वाक्यांवर उभा होता. जावई जामिनावर सुटून घरी आला, आणि दोन्ही मुली त्याच्याजवळच राहिल्या.

साक्षीच्या आठवडाभर आधी जावयाचा मामा अर्नाळ्याला जाऊन आला. स्टोव्ह भडकला एवढंच कोर्टात म्हणा, मग दर सुट्टीत मुली तुमच्याकडे पाठवू, असा निरोप होता. मावशी दुसऱ्या दिवशी आली. सरकारी वकिलांबरोबर तिची बाजू बघणारे आमचे सर बाहेर गेले होते.

"खोटं बोलली तर पोरी भेटतील?" तिने मला विचारलं.

खोटी साक्ष हा गुन्हा आहे, वगैरे मी सांगू लागले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते नाय इचारलं मी," ती म्हणाली आणि उठून गेली.

कोर्टात तिने खरं तेच सांगितलं. जावयाच्या वकिलाने तिला विचारलं, "मुलीचे ओठ भाजले होते. ती काय बोलली हे तुम्हाला कळलं कसं?"

"ती वर्षाची नव्हती तवापासून तिचं बोलनं मलाच कलतं, सायेब."

पण दुसरा पुरावा नव्हता. संशयाचा फायदा मिळून जावई सुटला आणि त्याने मावशीला घराची पायरी बंद केली. ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, तर त्याने शाळेत सांगून तेही थांबवलं. अखेर आम्ही नातींना भेटू देण्याचा अर्ज केला. ताबा मागायचा का, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, "मी आज हाय, उद्या नाय. ताबा नको. नुसतं बघायचं हाय."

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, अकरा ते एक, आमच्या ऑफिसात भेट घडवावी, असा आदेश झाला. तिथे हजर राहण्याचं काम माझ्याकडे आलं.

थोरली शीतल तेव्हा आठ वर्षांची होती, धाकटी पाचची. बाप बाहेरच्या बाकावर बसला. शीतलने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तू पप्पांना जेलमध्ये टाकलंस," ती म्हणाली.

"टाकलं," मावशी म्हणाली. तिने आणलेल्या नारळाच्या वड्यांना दोघींनी हात लावला नाही. मुली गेल्यावर मीच चिडले. मावशी डबा बंद करत म्हणाली, "बसू दे तिला पाठ करून. वेनी दिसली ना तिची, पुष्कल झालं."

असे कितीतरी रविवार गेले. धाकटी हळूहळू रुळली, वड्या खाऊ लागली. शीतल मात्र भिंतीकडेच बघायची. दोन वर्षांनी एका रविवारी तिने खुर्ची वळवली.

"आजी, मम्मी कशी गेली? खरं सांग."

मावशीने एकदा दाराकडे पाहिलं.

"स्टोचा भडका उडाला, बाय. पदर पेटला. तुझा बाप इझवाया धावला, पन उशीर झाला."

"मग कोर्टात तसं का नाही सांगितलंस?"

"पोर गेली माझी. डोकं ठिकानावर नव्हतं."

शीतल तिच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि आजीच्या शेजारी, तिला टेकून बसली. एक वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मुली गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, हेच खोटं कोर्टात बोलला नाहीत म्हणून तर तुम्ही इतकं सोसलंत."

"कोर्टात खरं सांगितलं. ते ऐकून जज आपल्या घरी गेला," ती म्हणाली. "हिला त्याच्याच घरी जायचं हाय. त्याच्या हातचं पानी प्यायचं हाय." मग म्हणाली, "मी गेल्यावर ती तुला इचारील. तू बी हेच सांग."

"कधीपर्यंत?"

"तिचं सोताचं घर होईस्तोवर."

त्यानंतर तीन वर्षांनी हिरामावशी कावीळ होऊन गेली. तिच्या मयताला जावयाने मुलींना पाठवलं नाही.

शीतल बारावीत असताना एकदा एकटीच माझ्याकडे आली. खटल्याच्या कागदांतल्या फोटोतली सुनंदा जशी, थेट तशी दिसत होती. आजी तुमच्याजवळ सगळं बोलायची ना, म्हणाली, आणि तोच प्रश्न विचारला.

"राहतेस कुठे हल्ली?" मी विचारलं.

"वालीवलाच. पप्पांकडे."

मी तिला सांगितलं, की स्टोव्हचा भडका उडाला होता.