तीन बोटं कापड

भामाबाईंनी शिवलेला ब्लाऊज उलटा करून बघावा. बगलेखाली, शिलाईच्या आत, तीन बोटं कापड दुमडून ठेवलेलं सापडणारच. शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या बायका त्यासाठीच त्यांच्याकडे येत. बाळंतपण झालं, वय झालं, की तोच ब्लाऊज उसवून सैल करून मिळे. एखादी पोरगी म्हणालीच, "मावशी, आत एवढं कशाला?" तर भामाबाई दातानं दोरा तोडत म्हणायच्या, "बाईचं अंग हाय, माय. वेरूळची मूर्ती नाय, तशीच्या तशी ऱ्हायला."

जगाला हे सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र माती खाल्ली.

तनुजा त्यांची एकुलती एक. क्रांती चौकात साडीच्या दुकानात कामाला. अंगानं भरलेली, गालांवर खळ्या, आणि अशी हसरी की गिऱ्हाईक एक बघायला येई आणि दोन घेऊन जाई. दुकानाच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतही साड्या तीच नेसून दाखवी. नवऱ्यामागं भामाबाईंनी मशीन चालवून तिला वाढवलं होतं. लग्नही ठरलं होतं. मुलगा फुलंब्रीचा, कृष्णा नावाचा, साधासरळ. त्याला पोरगी होती तशीच आवडली होती. पण दुकानाच्या मालकानं एक दिवस सहज सांगून टाकलं, "व्हिडिओत यापुढं रूपा साड्या नेसून दाखवील. तू घड्या घाल." त्या दिवशी तनुजा घरी आली ती न जेवताच झोपली.

वजन उतरवायच्या चहाची पुडी तिला दुकानातल्या त्या सडसडीत रूपानंच दिली. वर हिरवं पान, एक सडपातळ बाई, 'शंभर टक्के आयुर्वेदिक'. भामाबाईंनी वास घेतला आणि निर्धास्त झाल्या. "ही तर सोनामुखी! आमच्या गावाकडं पोट साफ व्हायला द्यायचे. झाडपाल्यानं काय व्हतंय?" गावाकडं ती अडीअडचणीला एखाद्या वेळी देत, रोज नव्हे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. उलट रोज संध्याकाळी त्या स्वतः उकळून, गाळून लेकीच्या हातात कप देऊ लागल्या.

तनुजा उतरू लागली तसा भामाबाईंना हुरूप चढला. तिचे जुने ब्लाऊज आत घेताना त्या बोटानं मापायच्या, "आज आणिक एक बोट गेलं बघ," आणि गल्लीभर सांगत सुटायच्या. लेक म्हणाली पोटऱ्यांत गोळे येतात, तर दिवसभर उभं राहून येत असतील म्हणून तेल चोळून दिलं. जिना चढताना धाप लागते म्हणाली, तर लग्नाची धावपळ म्हणून सोडून दिलं. पुढं पुढं तर चहा घेतल्याशिवाय तिचं पोट साफ होईना. मग चहात चिमूटभर पाला वाढवला.

लग्नाचा हिरवा ब्लाऊज शिवून झाला तेव्हा तनुजा आरशासमोर वळून बघत म्हणाली, "आई, आतल्या कापडानं बगलेत जाड दिसतंय. काप ना. मी काय आता परत जाड होणाराय का?"

भामाबाईंचा कात्रीचा हात थबकला. पण लेकीचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला होता. त्यांनी कापलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच.

हळदीच्या आधी त्यांनी एकदा पुन्हा ब्लाऊज घालून बघायला लावला. पाठीचे हुक लावताना त्यांचा तळहात लेकीच्या पाठीवर टेकला. आत काळीज भलतंच चाललं होतं. भरभर धावे, मध्येच चुके, पुन्हा धावे. मशीन बिघडलं की टाके सुटतात, तसं. "तनू, हे काय गं?" असं म्हणेपर्यंत पोरगी त्यांच्या अंगावर कलंडली.

शेजारच्या वासिफनं रिक्षा काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली, सलाईन लावलं आणि पोरगी काय काय घेत होती ते विचारलं. भामाबाईंनी चहाचं सांगितलं आणि घाईनं जोडलं, "पर झाडपाल्याचंच हाय, बाई."

"झाडपाल्याचं असलं तरी जुलाबाचं औषधच ते, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज घेतलं की अंगातलं पाणी जातं, त्याबरोबर पोटॅशियम जातं. ते कमी झालं की काळजाचे ठोके चुकतात, जिवावर बेततं. आतडीही आळशी होतात. आणि चरबी म्हणाल तर होती तिथंच आहे. काट्यावर कमी दिसलं ते पाणी."

भामाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. गल्लीभर मिरवलेलं एकेक बोट त्यांना आठवत राहिलं.

ठोके ताळ्यावर आले तेव्हा कुठे तनुजा नीट बोलू लागली. "आई, लग्नात मी जाड दिसले तर?"

"जाड दिस, बारीक दिस. मला तू दिसली पायजे." भामाबाईंना हुंदका आवरेना. "मीच पाजलं गं तुला, माय. ह्या हातानं."

"त्याच हातानं ओळखलंस की," तनुजा म्हणाली आणि आईची बोटं धरून पडून राहिली.

लग्न पुढं ढकललं. कृष्णानं हू की चू केलं नाही. चहा सुटला, वरणभात, भाकरी अंगी लागू लागली, खळ्या परत आल्या आणि हिरव्या ब्लाऊजचे हुक लागेनात. भामाबाईंनी तो उलटा केला. उसवायला आत काही नव्हतंच. ब्लाऊज मांडीवर घेऊन त्या पोटभर रडल्या. मग ट्रंक उघडली, आपला लग्नाचा लाल शालू काढला आणि त्याला कात्री लावली.

लग्नाच्या सकाळी तनुजानं तोच हिरवा ब्लाऊज हातात घेतला. दोन्ही बगलांत लाल जोड स्पष्ट दिसत होता. तिनं आतून बघितलं, तर लाल कापड ओंजळभर दुमडून ठेवलेलं.

"आई, एवढं?"

"असू दे. लागंल."

तनुजा हसली आणि पाठमोरी उभी राहिली. भामाबाईंनी एकेक हुक लावला. शेवटचा हुक लागला तरी त्यांनी लेकीच्या पाठीवरचा हात काढला नाही.