बटण्याचं अस्तर

आमच्या वहिनीला खोटं बोलता येत नाही, असं मी पस्तीस वर्षं सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो. ती एकदाच खोटं बोलली, आणि तेही माझ्यापायी.

वहिनी कोट शिवते. मी शाळेत असताना ती आमच्या घरात आली, म्हणून मी तिला अजून अगं-तुगंच करतो. पुढच्या खोलीत तिचं मशीन, खिडकीशी लांब टेबल, खुंटीवर खडूच्या रेघा मारलेले अर्धवट कोट. चार दारं सोडून माझं केस कापायचं दुकान. दादा गेला आणि दोन वर्षं त्या घरात मशीनशिवाय आवाज नव्हता. मग एक दिवस वहिनी कुठल्याशा गिऱ्हाइकाकडून पिशवीत घालून एक पांढरा गोळा घेऊन आली. दोन डोळे आणि एक नाक, तीन काळी बटणं टाचल्यासारखी. म्हणून नाव बटण्या.

जात स्पिट्झ. उंची माझ्या गुडघ्याएवढीही नाही, पण तोरा काय विचारता! कोल्ह्यासारखं तोंड, ताठ कान, पाठीवर वळवून टाकलेली शेपटी. पाहुणा जिन्याच्या पहिल्या पायरीवर असला की याचं भुंकणं सुरू. वहिनीने त्याला शिस्त लावली होती. तीनदा भुंकायचं, तिने "कळलं रे" म्हटलं की गप्प बसायचं. आणि तो बसायचा! माझं ऐकेल तर शपथ. मी गप म्हटलं की त्याला उलट चेव चढायचा.

त्याचं करावं तर वहिनीनेच. दुपारी हातातलं काम संपलं की मांडीवर घेऊन विंचरायची. वरवर कंगवा फिरवून मोकळी व्हायची नाही. एका हाताने केस उलटे धरायचे, मुळाशी भांग पाडायचा, तेवढी ओळ विंचरायची, मग पुढची. कानामागच्या गाठी बोटांनी सोडवायची. अंघोळ दीड-दोन महिन्यांनी एकदा. चिखल लागला तर म्हणायची, "वाळू दे, आपोआप झडतो." दातसुद्धा घासायची हो त्याचे! लहान तोंडात दात दाटीने असतात, लवकर खराब होतात म्हणे. पलंगावरून उडी मारायला बंदी, गुडघ्याची वाटी सरकते. मी म्हणायचो, "वहिनी, पुढच्या जन्मी मला तुझं कुत्रं व्हायचंय." ती म्हणायची, "या जन्मी आधी माणूस हो."

गेल्या उन्हाळ्यात ती दोन दिवस बहिणीकडे गेली आणि बटण्या माझ्यावर सोपवला. उकाडा असा, की तो फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर काढून पडलेला. माझा जीव कळवळला. म्हटलं, तीस वर्षं हातात कात्री आहे आपल्या, एवढंसं कुत्रं ते काय! दुकानातून मशीन आणलं आणि अर्ध्या तासात त्याला पार भादरून टाकला. खाली पांढरा ढीग, आणि ढिगात एक गुलाबी उंदीर. आता गार वाटेल तुला लेका, म्हणून मीच खूश. तो मात्र टेबलाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उन्हाने त्याची पाठ लालबुंद झाली. संध्याकाळी वहिनी आली, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पिशवीही खाली ठेवली नाही. तडक जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली, मागून बटण्याची टोपली घेऊन मी.

"कुणी केलं हे?" डॉक्टरीणबाई कडाडल्या.

माझ्या बुटाच्या नाडीत अजून पांढरे केस अडकलेले. मी तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

"मीच," वहिनी म्हणाली. "उकडत होतं त्याला."

मग बाईंनी तिला जे फैलावर घेतलं! या जातीला दोन थर असतात. वर लांब केस, आत मऊ लोकर. थंडीइतकंच ते ऊनही अडवतात. मुळापासून काढले तर पुन्हा धड येतीलच असं नाही, कायमचे चट्टे राहू शकतात. "शिवणकाम करता ना? अस्तर फाडून कोट सुधारतो का?" वहिनी मान खाली घालून ऐकत होती. मी भिंतीवरचं मांजराचं चित्र बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण बघत होतो.

रस्त्यात मी म्हटलं, "वहिनी..."

"टोपली सरळ धर," ती म्हणाली.

तिने जुन्या मऊ सुती कापडाचा त्याला सदरा शिवला, काखेत काचू नये म्हणून तिथे खोल कापून. फिरायला उजाडायच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर. आणि विचारेल त्याला एकच उत्तर, मीच कापले. लोक काय, हसायला टपलेलेच. माझ्या खुर्चीत बसूनही हसायचे. मी फेस करायचो आणि गप्प बसायचो. बटण्या तर माझं पाऊल वाजलं की टेबलाखाली. भुंकायचासुद्धा नाही. ते न भुंकणं मला फार लागायचं.

आठ महिन्यांत केस आले, आधी आतली लोकर, मग वरचे राठ. कमरेवर तळहाताएवढा चट्टा तेवढा राहिला. अशात एका सकाळी शाळेचे मुख्याध्यापक दाढीला बसले. एक गाल झाला होता. म्हणाले, "तुझ्या वहिनीकडे मी आता कोट टाकणार नाही. मुक्या जिवाला सोलणारी बाई!"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, ते मी केलं," मी म्हणालो. "ती माझ्या वाटचं ऐकून घेतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वस्तऱ्याकडे. उरलेला गाल होईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. बाकावरच्या दोघांनी मात्र सगळं ऐकलं, म्हणजे दुपारपर्यंत गावभर होणार.

मी तसाच घरी गेलो. "वहिनी, सांगून टाकलं मी."

मशीन थांबलं. "कशाला रे? आठ महिने मी जपलं ते."

"पण का जपलंस?"

"मला कुत्र्याचे केस कळत नाहीत म्हणून लोक हसले, तर माझं काय जातं? माझं पोट कापडावर आहे. तुझं केसांवर आहे."

मला रडू आवरेना. पन्नाशीचा माणूस, उंबऱ्यात उभा राहून पोरासारखा रडलो. टेबलाखालून बटण्या बाहेर आला, माझे बूट हुंगले आणि तोंड वर करून भुंकला. एकदा, दोनदा, तीनदा. वहिनी नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"कळलं रे," मी म्हणालो. तो गप्प बसला.

वहिनीने खणातून कंगवा काढून माझ्या हातात दिला. "घे. मुळापासून विंचर. आणि कमरेवर हळू, तिथे अजून अस्तर यायचंय."