उर्शला आणि वळणावरची पाळी

आमच्या सुल्वाऊन गावात उर्शला कापेडर नावाची बाई राहत होती. तिने एका माणसावरचा सूड अकरा वर्षे मनात जपला आणि अखेर पुरा केला. ती माझी शेजारीण होती. मी स्वतः पाहिले व ऐकले तेवढेच येथे लिहीत आहे.

आमचे गवताचे उतार गावाच्या बरेच वर आहेत. उन्हाळ्यात गवत कापून तेथेच गंजी रचतात आणि जानेवारीत बर्फ घट्ट झाले की भारे बांधून घळीतून खाली सोडतात. एका भाऱ्याचे वजन मोठ्या वासराएवढे असते. घळीला मध्ये एक अरुंद वळण आहे. अडकलेला भारा मोकळा करण्यासाठी तेथे दररोज एका घरचा माणूस उभा राहतो. वरचा माणूस "आदाच", म्हणजे सावध, अशी हाक देतो. वळणावरचा माणूस बाजूच्या कपारीत शिरून "लिबर", म्हणजे वाट मोकळी, म्हणतो. मगच भारा सुटतो. आमच्या पणज्यांची भाषा गावातून गेली, आता सर्वजण जर्मन बोलतात. परंतु घळीत तेच दोन शब्द चालतात.

उर्शलाचा नवरा टिएनी एका जानेवारीत वळणावर उभा होता. वरून बाल्झर पाद्रुत याने भारा सोडला. टिएनीचा पाय मांडीत मोडला. बाल्झर तेव्हा गावप्रमुख होता. त्याने सभेत सांगितले, "मी हाक दिली. यानं लिबर म्हटलं. मग हा कपारीतून बाहेर का आला, ते यालाच विचारा."

टिएनी म्हणाला, हाक आलीच नव्हती. सभेने गावप्रमुखाचे ऐकले. टिएनीला यापुढे वळणावर उभे करू नये, असा ठराव वहीत लिहिला गेला. त्यानंतर खानावळीत त्याची थट्टा सुरू झाली.

"काय रे टिएनी, कानात गवत उगवलंय का?"

"दोन शेळ्या सोड त्याच्या कानात, साफ होईल."

टिएनी ते हसण्यावारी नेत असे. पाच वर्षांनी तो मेला. दफनाहून परत येताना उर्शला मला म्हणाली, "लुत्सीभाऊ, हाक दिली नव्हती हे बाल्झरच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालं पाहिजे. त्याशिवाय मी मरायची नाही."

सर्वांत वरचा उतार पिढ्यान्‌पिढ्या पाद्रुत घराणे कापत आले होते. मात्र तो त्यांच्या मालकीचा नव्हता. संत याकोबाच्या सणानंतरच्या सोमवारी चर्चची सकाळची घंटा झाली की ज्याचा विळा प्रथम गवताला लागेल, त्याचा तो उतार, असा आमचा नियम आहे. पाद्रुतांच्या आड कोणी जात नसे, इतकेच. दफनानंतरच्या जुलैत घंटा झाली तेव्हा बाल्झर वर पोहोचला, तर उर्शला कापत होती.

"बाई, हा माझा उतार आहे."

"घंटेला सांग."

पुढच्या वर्षीही तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही. कोठारात गवत कमी पडू लागल्याने बाल्झरला दर हिवाळ्यापूर्वी एक गाय विकावी लागली. उर्शलाकडे दोनच शेळ्या होत्या. उरलेले गवत ती गावभर फुकट वाटत असे, फक्त पाद्रुतांच्या दाराशी थांबत नसे. मी एकदा विचारले, "अगं, त्याचं नुकसान झालं, आता पुरे कर. किती वर्षं चढणार तू?"

"नुकसान हा वरचा फायदा. मला वर उभं राहायला जागा हवीय."

"कशासाठी?"

"बाल्झर खाली वळणावर येईल तेव्हासाठी."

गावप्रमुखाला वळणावरची पाळी माफ असते. त्यामुळे ती वाट पाहत राहिली. अखेर वयाच्या सत्तराव्या वर्षी बाल्झर निवडणुकीत पडला. पुढच्या जानेवारीत पाळी पाद्रुतांच्या घरावर आली. मुलगा शहरात असल्यामुळे बाल्झरला स्वतः यावे लागले.

त्या दिवशी स्वच्छ ऊन होते. घळीच्या दोन्ही बाजूंना आम्ही नऊजण भारे बांधून थांबलो होतो. वरच्या उतारावरून पहिला भारा उर्शलाचा सुटायचा होता. तिने भारा घळीच्या तोंडावर आणला, टाचा बर्फात रोवल्या आणि दोर धरला. हाक मात्र दिली नाही.

"बाल्झर," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तू हाक दिली होतीस का?"

"उर्शलाबाई, हाक द्या. लोक गारठलेत."

"विचारलं ते सांग."

माझ्या खाली तुमाश उभा होता. तो ओरडला, "बाल्झरदादा, दिली होती म्हणा आणि मोकळे व्हा. माझ्या पायाची बोटं गेली."

"म्हण की," उर्शला म्हणाली. "दिली होतीस म्हणालास तर मी मानीन. मग मीसुद्धा तुला तशीच हाक देते, जशी तू दिली होतीस."

बाल्झरने कपारीकडे पाहिले. ती त्याच्यापासून चार पावलांवर होती आणि त्याचे गुडघे दुखरे होते. त्याने वर भाऱ्याकडे पाहिले.

"नव्हती दिली."

"आवाज वरपर्यंत येत नाही."

"हाक दिली नव्हती. आभाळ भरलं होतं, मला घाई होती. टिएनीनं लिबर म्हटलं नव्हतं. मी खोटं बोललो."

उर्शलाने सर्वांकडे एकेक करून पाहिले. नंतर तिने "आदाच" अशी स्पष्ट हाक दिली. बाल्झर धडपडत कपारीत शिरला. त्याचे "लिबर" फार बारीक आवाजात आले. ते तिने पुन्हा म्हणवून घेतले आणि मग दोर सोडला.

मार्चच्या सभेत टिएनीवरचा ठराव खोडण्यात आला. पहिला हात बाल्झरने वर करावा, अशी मागणी उर्शलाने केली आणि त्याने तो वर केला. बाहेर पायरीवर त्याने तिला गाठले.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी उतार सोड."

"घंटेला ये. माझ्या आधी पोचलास तर तुझा."

त्या जुलैतही उतार तिनेच घेतला. ऑक्टोबरच्या बाजाराला बाल्झर आपली शेवटची गाय घेऊन निघाला, तेव्हा उर्शला अंगणातले काम टाकून रस्त्यावर आली आणि गाय पुलापलीकडे जाईपर्यंत पाहत उभी राहिली.